दिढीचा आलेख

आषाढात आवण्यांची घाई असते आणि नेमकी तेव्हाच कणगी तळाला लागते. दिवाळीला घरात आलेलं भात संपलेलं, पुढचं भात अजून चिखलात. मुरबाड-शहापूरच्या वाड्यापाड्यांवर कित्येक पिढ्यांनी हा काळ उसन्या धान्यावर काढला. ज्याच्या कणगीत भात उरलंय त्याच्याकडे जायचं, आणि तिथली बोली ठरलेली असे: आता दहा पायल्या न्या, झोडणी झाली की पंधरा आणून घाला. या रिवाजाला मराठीत दिढी म्हणतात. जुन्या कोशांत 'वाढीदिढी' असा जोडशब्दही सापडतो.

दहाचे पंधरा. एका हंगामापुरता हा हिशोब लहान पोरालाही समजतो. पण पाऊस दगा देतो, घरात आजारपण येतं आणि पंधरा पायल्या परत करता येत नाहीत. मग त्या पंधरांवर पुन्हा दिढी चढते. इथून पुढे जे होतं ते बोटांवर मोजता येत नाही, आणि तेच गणिताच्या पुस्तकात 'घातांकी फलन' या नावानं भेटतं. ते सूत्र म्हणून पाठ करायच्या आधी भाताच्या मापानं समजून घेऊ.

चौकटीच्या वहीचं एक पान घ्या. आडव्या रेषेवर हंगाम मांडा: शून्य, एक, दोन, तीन. उभ्या रेषेवर देणं मांडा, एका चौकटीला दहा पायल्या. आता दोन शेजाऱ्यांची कल्पना करा. दोघांनीही दहा पायल्याच घेतल्या. पहिल्याच्या सावकारानं सांगितलं, 'दर हंगामाला पाच पायल्या वाढ, वाढीवर वाढ नाही.' त्याचं देणं असं जातं: १०, १५, २०, २५, ३०, ३५. दुसऱ्याला खरी दिढी लागली: १०, १५, साडेबावीस, पावणेचौतीस, ५०.६, ७५.९.

पहिल्या हंगामाला दोघेही पंधरावर आहेत. दुसऱ्या हंगामाला फरक फक्त अडीच पायल्यांचा. पाचव्या हंगामाला दुसरा शेजारी पहिल्याच्या दुपटीपुढे गेलेला असतो. दहाव्या हंगामाला पहिल्याचं देणं ६० पायल्या, दुसऱ्याचं जवळजवळ ५७७. पहिल्याची रेषा पट्टीनं आखता येते. दुसऱ्याची आधी जमिनीला चिकटून चालते, मग वळते आणि पुढे उभी चढू लागते. तीस चौकटींचं पान आठव्या आणि नवव्या हंगामाच्या मध्येच संपतं. तेवढ्यात पहिल्याची रेषा पानाच्या पाचव्या-सहाव्या चौकटीतच असते.

फरक नव्हे, पट

दुसऱ्या शेजाऱ्याच्या आकड्यांमधला फरक काढून बघा: ५, साडेसात, सव्वाअकरा, १६.९, २५.३. हे फरकही दर वेळी दीडपटच होत गेलेत. म्हणजे देणं ज्या चालीनं वाढतं, त्याच चालीनं वाढीचा वेगही वाढतो. घातांकी फलनाचा गाभा एवढाच आहे: जितकं आहे त्याच्या प्रमाणात वाढ. सरळ रेषेत दर पावलाला तेवढीच बेरीज होते. या वक्रात दर पावलाला तेवढाच गुणाकार होतो.

सूत्रात लिहायचं तर 'न' हंगामांनंतरचं देणं = १० × (१.५ चा 'न' वा घात). यातला १० हा आकडा आलेख कुठून निघतो ते सांगतो. शून्याव्या हंगामाला कुठलाही गुणाकार झालेला नसतो, म्हणून वक्र उभ्या अक्षाला दहावरच छेदतो. १.५ हा पाया तो किती जोरात चढेल ते ठरवतो. दहाऐवजी वीस पायल्या घेतल्या तर सगळा वक्र दुप्पट उंच होतो, पण देणं दुप्पट व्हायला लागणारा काळ बदलत नाही. दिढीत तो नेहमीच पावणेदोन हंगामांच्या आसपास असतो, मग घेणारा गरीब असो की श्रीमंत.

आलेख शून्याच्या डावीकडेही जातो. एक हंगाम मागे म्हणजे दीडनं भागायचं: ६.६७. दोन हंगाम मागे ४.४४. दहा हंगाम मागे पाव पायलीही नाही, जेमतेम ०.१७ पायली. पण कितीही मागे गेलं तरी शून्य येत नाही, कारण काहीही दीडनं भागून शून्य होत नाही. वक्र आडव्या अक्षाच्या जवळ जात राहतो, त्याला टेकत नाही. अशा अक्षाला गणितात वक्राची अनंतस्पर्शी रेषा म्हणतात.

नाणेघाटातल्या खुणा

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की टोकावड्याच्या पुढे वैशाखरे लागतं. तिथून थोडं पुढे गेलं की नाणेघाटाची वाट फुटते. कल्याण बंदरातला माल याच वाटेनं जुन्नर आणि पैठणकडे चढायचा. माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकली जाई, असं सांगतात. वाटेवरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आणि त्यांच्यासोबत आकडे. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकखुणांमध्ये या आकड्यांची गणना होते.

त्या आकड्यांत शून्य नाही आणि आपल्यासारखी स्थानंही नाहीत. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला चारची खूण जोडलेली. संख्या दहापट झाली की नवं चिन्ह लागायचं. पुढे दशमान स्थानपद्धती आली आणि चिन्हांची जागा स्थानांनी घेतली. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी हे आपण शाळेत तालावर म्हणत आलो. प्रत्येक शब्दाला संख्या एकच घर सरकते आणि किंमत दहापट होते. तो पाढा म्हणजे दहाच्या घातांची शिडीच आहे. भास्कराचार्यांच्या यादीत ही शिडी परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत जाते.

वेगानं चढणारा वक्र कागदावर मावत नाही तेव्हा हीच शिडी मदतीला येते. उभ्या अक्षावर १०, २०, ३० अशा समान अंतराच्या खुणा करण्याऐवजी समान अंतरावर १, १०, १००, १००० लिहायचे. अशा कागदावर दिढीचा वक्र चक्क सरळ रेषा होतो. याला लॉगरिदमी आलेख म्हणतात. २०२० साली करोनाच्या रुग्णांचे जे आलेख छापून येत, त्यातले बरेचसे असे होते. त्यात रेषेचा चढ कमी झाला की दुपटीचा काळ लांबला, असा अर्थ निघत असे.

तीस दिवसांच्या कवड्या

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त दुपटीचं एक सुंदर उदाहरण आहे. त्यातला दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. महिन्याभरात एकूण दान किती? उत्तर आहे २,१४,७४,८३,६४६ कवड्या. त्या काळच्या नाण्यांत १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या.

उत्तराहून त्याची रीत अधिक मोलाची आहे. तीस वेळा दुप्पट करत बसायचं नाही. तीस ही सम संख्या, तिची निमपट पंधरा, बाजूला 'वर्ग' लिहा. पंधरा विषम, एक वजा करून चौदा, बाजूला 'गुण' लिहा. चौदाचे सात, 'वर्ग'. सातचे सहा, 'गुण'. सहाचे तीन, 'वर्ग'. तीनचे दोन, 'गुण'. दोनचा एक, 'वर्ग'. एकाचं शून्य, 'गुण'. आता एकापासून सुरुवात करून खालून वर चढा. गुण म्हणजे दुप्पट, वर्ग म्हणजे स्वतःनं स्वतःला गुणणं: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत दोनचा तिसावा घात हाती आला. त्यातून एक वजा करा, पहिल्या दिवसाच्या दोननं गुणा, झालं दानाचं उत्तर. मोठे घात काढताना संगणकही आज याच धर्तीची रीत वापरतो.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात आहे. घातांचं गणित या मातीला परकं नाही. सह्याद्रीच्या खाली ते दिढीच्या रूपानं भोगलं जात होतं आणि वर ते मठात शिकवलं जात होतं.

दामदुपट आणि रोख्याचा फेर

या वक्राची भीती जुन्या स्मृतिकारांनाही होती. मनुस्मृतीत सांगितलंय की पैशाचं व्याज मुद्दलाच्या बरोबरीपुढे, म्हणजे एकूण देणं दुपटीपुढे जाऊ नये. धान्याला मात्र पाचपटीपर्यंत मुभा दिली आहे. यातूनच दामदुपटीचा नियम आला, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातली न्यायालयं हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो पाळत. आपल्या आलेखातलं देणं धान्याऐवजी पैशाचं धरलं, तर दामदुपट म्हणजे वीसच्या उंचीवर आखलेली आडवी रेषा. वक्र तिथवर चढतो आणि थांबतो.

पण या रेषेला एक पळवाट होती. जुना रोखा फाडून नवा लिहिला आणि त्यात साठलेलं व्याज मुद्दल म्हणून घातलं, तर दामदुपटीचं मोजमाप नव्यानं सुरू होई. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या रोख्यावर दावा लावायला तीन वर्षांचीच मुदत ठेवली. हेतू ऋणकोला दिलासा द्यायचा होता. घडलं उलटं. मुदत टळू नये म्हणून सावकार दर दोन-तीन वर्षांनी रोखा बदलून घेऊ लागले आणि प्रत्येक बदलात व्याजाचं मुद्दल झालं. म्हणजे ठरावीक काळानं गुणाकार करणारं यंत्रच कायद्यानं सावकाराच्या हाती दिलं.

घाटमाथ्यावर त्याचा स्फोट झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथं शेतकरी सावकारांवर चालून गेले. तिथून हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. जमाव मुख्यतः रोखे आणि खतं मागत होता, हाती आली की जाळत होता. चढणारा वक्र त्या कागदांत बंद आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेवटच्या रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहाराच्या मुळापर्यंत जायचं, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडायचं, असा अधिकार त्यानं न्यायालयांना दिला. गणिताच्या भाषेत सांगायचं तर वक्र उलगडून त्याची सरळ रेषा करायची.

इथं एक प्रश्न मनात येतो. रोखा तीन वर्षांऐवजी दर महिन्याला बदलला तर? रोज बदलला तर? क्षणाक्षणाला बदलला तर? याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञानं १६८३ साली हाच प्रश्न विचारला. एक रुपया, वर्षाला शंभर टक्के व्याज. वर्षाअखेर एकदाच व्याज मिळवलं तर दोन रुपये. सहामाही मिळवलं तर सव्वादोन. दर महिन्याला मिळवलं तर २.६१. रोज मिळवलं तर २.७१. पुढे कितीही घाई केली तरी २.७१८ च्या थोडंच पुढे जाता येतं. त्या मर्यादेला गणितात 'ई' म्हणतात, आणि निसर्गातल्या अखंड वाढीचा हिशोब याच पायावर मांडतात. या पायाच्या वक्राला एक देखणा गुण आहे: कुठल्याही बिंदूवर त्याचा चढ त्याच्या उंचीएवढाच असतो.

उतरणारा वक्र

पाया एकाहून लहान असला तर वक्र चढण्याऐवजी उतरतो. तो अनुभवायला वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून जावं. पायथ्यापासून माथा साधारण सहा-सातशे मीटर वर. दर शंभर मीटरला हवेचा दाब साधारण सव्वा टक्क्यानं घटतो. हा सव्वा टक्का समुद्रसपाटीवरच्या दाबाचा नसतो, जिथं उभे आहोत तिथल्या दाबाचा असतो. म्हणजे प्रत्येक टप्प्याला ०.९८८ नं गुणायचं. माथ्यावर पोचेपर्यंत दाब सात-आठ टक्के कमी झालेला असतो. रिकामी बाटली माथ्यावर बूच घट्ट लावून खाली आणली, तर पायथ्याशी ती किंचित चेपलेली दिसते.

आणखी वर गेलं तर कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीवर समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे ८२ टक्के दाब उरतो. साडेपाच किलोमीटरवर निम्मा, एव्हरेस्टवर तिसरा हिस्सा. हवेला छत नाही, अमुक उंचीला ती संपली असं होत नाही. ती विरळ होत जाते, आपल्या वक्राच्या डाव्या शेपटीसारखी. खरं तर दोन्ही एकाच घरातले. दोनच्या घातांचा आलेख आरशात पाहिला की अर्ध्याच्या घातांचा आलेख दिसतो.

जलपर्णी आणि नदीचा काठ

घाटाखालचं पाणी काळू नदीतून पुढे उल्हासला मिळतं. कल्याणजवळ रायते-मोहने परिसरात उल्हास नदी जलपर्णीनं हिरवीगार झालेली अनेकांनी पाहिली असेल. ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. सांडपाण्याचं खत आणि संथ पाणी मिळालं की एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट पसरते.

समजा दर दहा दिवसांनी दुप्पट होते आणि आज नदीचा अर्धा पृष्ठभाग झाकला आहे. पूर्ण नदी झाकायला किती दिवस? दहा. आणि नदी पूर्ण झाकली जाण्याच्या चाळीस दिवस आधी, जेव्हा त्याची शंकाही कोणाला नसेल तेव्हा किती झाकलेली असेल? सोळावा हिस्सा. काठाला चार हिरवे पुंजके, बाकी सगळं पाणी मोकळं. तेव्हा काढायला माणसं लागतात थोडी, पण ओरड कोणाचीच नसते. नदी भरली की यंत्रं येतात. मोठ्या कष्टानं निम्मी जलपर्णी काढली तर हाती लागतात फक्त दहा दिवस, कारण उरलेली निम्मी दहा दिवसांत पुन्हा पूर्ण होते.

नदीला काठ आहेत, म्हणून हा वक्र कायम चढत नाही. जागा संपली की वाढ मंदावते आणि रेषा आडवी होते. खऱ्या जगातली घातांकी वाढ नेहमी कुठल्या ना कुठल्या काठाला जाऊन अडते: जागा, अन्न, पाणी. कर्जाला मात्र निसर्गाचा काठ नसतो. कागदावरचा आकडा कितीही वाढू शकतो, म्हणून तिथं माणसांना दामदुपटीसारखी रेषा स्वतःच्या हातानं आखावी लागली.

आजची दिढी

पावसाळ्यातली ही भूक ओळखूनच आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना निघाली. पण दिढी वेगळ्या नावांनी आजही भेटते. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपासचे दर आपल्याकडे सर्रास आहेत. साडेतीन टक्के ऐकायला थोडे वाटतात. १.०३५ चा बारावा घात काढा: १.५१. वर्षाला दीडपट. जुन्या कणगीतली बोली जशीच्या तशी प्लास्टिकच्या कार्डावर आली आहे. खासगीत 'शेकडा पाच' म्हणून मिळणारं महिन्याचं कर्ज तर व्याजावर व्याज चढलं की वर्षाला जवळजवळ १.८ पट होतं.

हाच वक्र आपल्या बाजूनंही चालतो. बचतीवर वर्षाला आठ टक्के चक्रवाढ मिळत असेल तर पैसे किती वर्षांत दुप्पट होतील? ७२ ला व्याजदरानं भागा: नऊ वर्षं. हा ठोकताळा अचूक नाही, पण चालता-बोलता उपयोगी पडतो. साडेतीन टक्के महिन्याच्या कर्जालाही तो लावून पाहा. एकवीस महिन्यांच्या आत देणं दुप्पट होतं.

आठ टक्क्यांच्याच दरानं पंचवीस वर्षांच्या बचतीत शेवटच्या नऊ वर्षांची वाढ आधीच्या सोळा वर्षांच्या वाढीहून जास्त असते. म्हणून लवकर सुरुवात करणाऱ्याला फळ मोठं मिळतं. आणि त्याच कारणानं कर्ज उशिरा फेडणाऱ्याला भार मोठा होतो. गणित पक्षपात करत नाही. आपण वक्राच्या कुठल्या बाजूला उभे आहोत, एवढंच ते मोजतं.

आपल्या वहीच्या पानाकडे पुन्हा बघा. पहिल्या हंगामाला दोन्ही शेजारी पंधरावरच होते आणि त्या बिंदूवर सरळ रेषा कोणती, वक्र कोणता, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नव्हतं. ते फक्त बोलीच्या शब्दांत लिहिलेलं होतं: 'पाच पायल्या वाढ' की 'दीडपट'. म्हणून कागदावर सही करताना, काठाला पहिला हिरवा पुंजका दिसताना, पोरांच्या नावानं पहिले शंभर रुपये ठेवताना एकच प्रश्न विचारायला हवा. किती वाढेल, असं विचारलं की आपण फरक मोजतो. कितीपट वाढेल आणि किती दिवसांनी, असं विचारलं की आख्खा आलेख डोळ्यांपुढे उभा राहतो. पहिल्या हंगामाला या प्रश्नाचं उत्तर पाच पायल्यांत निभावतं. दहाव्या हंगामाला त्यासाठी शेत द्यावं लागतं.